घाटात गाडी बंद पडते म्हणून इंजिन उतरवावे का?

प्रश्न : आमच्याकडे २००९ सालची पेट्रोल सेडान आहे. आतापर्यंत ती १ लाख ४२ हजार किलोमीटर चालली असून २०१६ मध्ये तिला सीएनजी किट बसवून आरसीवर तशी नोंद करून घेतली आहे. आम्ही कराडला राहतो आणि गाव चिपळूणजवळ असल्यामुळे कुंभार्ली घाटातून नेहमी जाणे-येणे असते. या उन्हाळ्यात परतताना पोफळी सोडून घाट चढू लागलो की गाडी एकाएकी बंद पडते, कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काही झालेच नाही अशी पहिल्या सेल्फला चालू होते. सीएनजीवर असो की पेट्रोलवर, प्रकार तोच. शिवाय शहरात सिग्नलला एसी चालू असताना इंजिन थरथरते आणि कधी कधी बंद पडते. तेव्हा मात्र लगेच चालू होते. तापमानाची सुई मध्यावर असते, धूर नाही, ऑइल कमी होत नाही. प्लग, पेट्रोल फिल्टर, बॅटरी आणि शेवटी टाकीतला पेट्रोल पंप बदलून झाला. आता मेकॅनिक म्हणतात, इंजिन संपले आहे, हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगांचे काम, करावे लागेल; खर्च सत्तर हजारांच्या घरात. ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोललाही दोष देतात. गाडीत माझी वृद्ध आई असते. इंजिन करून घ्यावे, की गाडी भंगारात काढावी?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपण इतके नेमके वर्णन केले आहे की निम्मे निदान आपल्या पत्रातच आहे. म्हणून पहिली विनंती अशी, की इंजिन उतरवण्यास एवढ्यात होकार देऊ नये. रिंगा झिजलेल्या, बोअर घासलेले किंवा व्हॉल्व्ह जळालेले इंजिन वीस मिनिटांत बरे होत नाही. ते थंड असतानाही ओढत नाही, ऑइल खाते, सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते, सकाळी चालू होताना कुरकुर करते आणि ही लक्षणे महिन्यागणिक वाढत जातात. आपले इंजिन घाट चढता चढता क्षणात थांबते आणि निवले की पूर्ववत चालते. म्हणजे त्याला हवे असलेले काहीतरी, बहुधा विजेचा एखादा संकेत, तापल्यावर मिळेनासा होतो. बंद पडणारे इंजिन आणि निकामी झालेले इंजिन यांत फार अंतर आहे. त्याची शहानिशा न करता सत्तर हजार खर्च केले, तर नवे पिस्टन आणि नव्या रिंगा घातलेले इंजिन त्याच वळणावर पुन्हा बंद पडण्याची दाट शक्यता आहे.

आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा दोन आहेत. घाटात तापल्यावर बंद पडून बराच वेळ चालू न होणे हा एक दोष, आणि सिग्नलला मंद गतीवर मान टाकून लगेच पुन्हा चालू होणे हा दुसरा. दोन्हीला एकच दोष समजून एकामागून एक भाग बदलत गेल्यामुळे आतापर्यंतचा खर्च वाया गेला असावा, असे मला वाटते.

आधी घाटातल्या दोषाकडे वळू, कारण तो जीवावर बेतू शकतो. आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे : सीएनजीवर असो की पेट्रोलवर, प्रकार तोच. ज्या गाडीत दोन इंधने आहेत तिच्या बाबतीत ही माहिती गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरइतकी उपयोगी पडते. पेट्रोल टाकीतून पंपाद्वारे, फिल्टर व रेल यांतून इंजेक्टरपर्यंत येते. सीएनजी सिलिंडरमधून, दाब कमी करणाऱ्या रेड्युसरद्वारे, स्वतंत्र नळ्यांनी वेगळ्या इंजेक्टरपर्यंत येतो. हे दोन मार्ग इंजिनाच्या तोंडाशी येईपर्यंत एकमेकांना भेटत नाहीत. पेट्रोल पंप तापून थांबत असता, तर सीएनजीवर धावणारे इंजिन त्या कारणाने बंद पडले नसते. सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला क्रमाने वायू देणाऱ्या, किटच्या गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, त्यामुळे पंप गेलेला असेल तर बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू न होण्याचे कारण तो ठरू शकतो. पण सीएनजीवर धावता धावता ती मुळात थांबली का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. हा विचार पंप बदलण्यापूर्वी झाला असता तर ते पैसे वाचले असते.

ई-२० बद्दलची शंकाही याच न्यायाने या दोषापुरती दूर होते. २००९ ची गाडी २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेली नाही, ही गोष्ट खरी आहे. इथेनॉल ओलावा धरते, जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलना त्रास देऊ शकते आणि पेट्रोलपेक्षा त्यात ऊर्जा कमी असल्यामुळे सरासरीही थोडी घटते. आपली गाडी बहुतांश सीएनजीवर चालत असल्यामुळे टाकीत तेच पेट्रोल दीर्घकाळ पडून राहत असणार, तेव्हा टाकीजवळच्या नळ्या एकदा हाताने दाबून पाहाव्यात. त्या तडकलेल्या, फुगलेल्या किंवा चिकट लागल्या तर बदलाव्यात. टाकी किमान पाव तरी भरलेली असावी, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो; सीएनजीच्या भरवशावर टाकी कोरडी ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. परंतु सीएनजीवर थांबणाऱ्या इंजिनाचा दोष पेट्रोलच्या माथी मारता येणार नाही.

काही जुनेजाणते लोक आपल्याला पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय सांगतील. तो उपाय प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडर यांच्या काळात रास्त होता. त्या गाड्यांत यांत्रिक पंप इंजिनालाच बसवलेला असे, तो कार्ब्युरेटरकडे पेट्रोल ओढून घेई आणि घाटात तापल्यावर नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटे. आपल्या गाडीत पंप टाकीत आहे आणि तो पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे तशी वाफ धरण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

मग दोन्ही इंधनांना समान असे काय उरते? ठिणगी, ती कधी पाडायची हे ठरवणारा ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला इंजिनाची गती कळवणारे सेन्सर, या सर्वांना वीज देणारा मुख्य रिले, चावीचे स्विच आणि अर्थिंग. आपल्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असेल, तर एक कॉइल तापून गेल्याने इंजिन मिसिंग करेल, हिसके देईल, पण चारही सिलिंडर एकाच क्षणी थांबणार नाहीत. एकच सामाईक कॉइल असेल तर मात्र तिच्यावर संशय घ्यावा लागेल. चारही एकदम थांबतात तेव्हा दोष सर्वांच्या सामाईक जागी असतो, आणि तापल्यावर बंद, निवल्यावर चालू या लक्षणाशी सर्वाधिक जुळणारा भाग म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, ज्याला गॅरेजमध्ये नुसते क्रँक सेन्सर म्हणतात.

हा सेन्सर अंगठ्याएवढा असतो आणि गाडीनुसार क्रँक पुलीच्या बाजूला किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी, दातेरी चकतीपासून अगदी थोड्या अंतरावर बसवलेला असतो. चकतीचे दाते समोरून जातात तसे त्याच्यात विजेचे स्पंद उठतात आणि त्यांवरून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, कोठे आहे व किती वेगाने फिरतो आहे हे ईसीयूला कळते. स्पंद थांबले की इंजिन फिरत नाही असा अर्थ ईसीयू लावतो आणि ठिणगी व इंधन दोन्ही तोडतो. दोन वायरींच्या जातीच्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वर्षानुवर्षे तापून-निवून त्या तारेला कोठेतरी सूक्ष्म चीर पडते. थंड असताना चिरेची टोके एकमेकांना टेकलेली असतात, तापल्यावर प्रसरणाने ती सुटतात आणि निवल्यावर पुन्हा जुळतात. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर भार अधिक, गाडीचा वेग कमी आणि वारा अपुरा असतो. तापमानाची सुई फक्त कुलंटचे तापमान दाखवते, इंजिनाला चिकटून बसलेल्या या सेन्सरचे नाही; म्हणून सुई मध्यावर असतानाही हा प्रकार घडतो.

संशयावरून लगेच सेन्सर बदलू नये, तीच चूक पुन्हा होईल. पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा घाबरून सेल्फ मारत बसण्याऐवजी डॅशबोर्ड पाहावा आणि शेजारी बसलेल्याने शक्य असल्यास मोबाइलवर त्याचे चित्रण करावे. गाडी गिअरमध्ये असून अजून पुढे सरकत आहे, म्हणजे चाकांमुळे इंजिन फिरतेच आहे, अशा वेळी आरपीएमची सुई एका क्षणात शून्यावर पडली, तर ईसीयूला क्रँकचा संकेत मिळेनासा झाला असे समजावे. सुई इंजिनाच्या गतीबरोबर हळूहळू उतरली आणि गाडीने हिसके दिले, तर दोष इंधनाच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक. डॅशबोर्डच पूर्ण अंधारला, दिवे आणि सुया सगळे गेले, तर चावीचे स्विच, बॅटरीचे टर्मिनल किंवा अर्थिंगची पट्टी तपासायला हवी. चावीला जड जुडगा लटकवलेला असेल तर तो आजच काढून टाकावा.

गाडी थांबल्यावर सेल्फ मारताना तीन गोष्टी पाहाव्यात. चावी पहिल्यांदा ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची सुमारे दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते का. चावी ऑन असताना इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो का. आणि सेल्फ फिरत असताना आरपीएमची सुई जागची किंचित वर, दोनशेच्या आसपास, उठते का. पिवळा दिवाच लागत नसेल तर ईसीयूला वीज पोहोचत नाही, म्हणजे मुख्य रिले किंवा त्याचा फ्यूज पाहावा. दिवा लागतो, पंप गुणगुणतो, सेल्फ जोरात फिरतो आणि तरीही सुई शून्यावरच पडून राहते, असे असेल तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा त्याचा सॉकेट यांपैकी कोठेतरी दोष आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

हे सर्व मेकॅनिकला सांगावे आणि स्कॅनर लावण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नये असे आवर्जून बजावावे. आपली बॅटरी बदलली तेव्हा ईसीयूत साठलेले दोषांक बहुधा पुसले गेले, त्यामुळे नंतर कोणी स्कॅनर लावला असला तरी त्याला काही सापडले नसावे. पी ०३३५ हा दोषांक क्रँक सेन्सरच्या सर्किटचा असतो; तो मिळाला तर उत्तम, पण मिळाला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही, कारण असे क्षणिक दोष प्रत्येक वेळी नोंदले जातातच असे नाही. दोन वायरींचा सेन्सर असेल तर तो काढून त्याचा रोध थंड स्थितीत मल्टिमीटरने मोजावा, मग हीट गनने तापवत पुन्हा मोजावा. तापता तापता मीटर एकदम अनंत रोध दाखवू लागला तर पुढे चर्चा उरत नाही. तीन वायरींचा हॉल जातीचा असेल तर रोध मोजून काही कळत नाही, त्याचा संकेत स्कॅनरवर किंवा ऑसिलोस्कोपवर, इंजिन तापलेले असताना, पाहावा लागतो. घाटात बंद पडलेल्या गाडीच्या सेन्सरवर गार पाणी ओतून पाहण्याची युक्ती काही जण सांगतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ हात घालण्याची ती जागा नव्हे आणि रस्त्याकडेला आपण ते करू नये.

सेन्सरइतकाच माझा संशय किटच्या वायरिंगवर आहे. सीएनजी किटचा ईसीयू इंजिनाची गती जाणून घेण्यासाठी कॉइलच्या किंवा क्रँक सेन्सरच्या वायरीला जोड देतो. २०१६ मध्ये हा जोड वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून केला असेल, तर इतक्या वर्षांच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून गेलेला असतो, तांबे हिरवे पडलेले असते आणि उघडी वायर एखाद्या पट्टीला टेकून मूळ संकेतच मारत असते. असे जोड एकेक करून उघडावेत, झाळून त्यांवर हीट श्रिंक नळी चढवावी आणि वायर एक्झॉस्टपासून दूर बांधावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि ते जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. इंजिन काम उत्तम करणारा मिस्त्री वायरिंगमध्ये तितकाच तरबेज असेल असे नाही. किट उघडतेच आहे तर सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांची पूर्ण आहे का, तेही पाहून घ्यावे.

सिग्नलवरच्या दोषाचे कारण बहुधा साधे आहे. मंद गतीवर, म्हणजे सातशे-आठशे आरपीएमला, इंजिनाला लागणारी हवा थ्रॉटल बॉडीतल्या, म्हणजे हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या झडपेच्या भागातल्या, अगदी अरुंद वाटेने येते. तेथे काजळी बसली किंवा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकू लागला की एसीचा कॉम्प्रेसर लागताच इंजिन तो भार पेलू शकत नाही. थ्रॉटल बॉडी योग्य क्लीनरने साफ करून घ्यावी आणि नंतर कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने आयडल पुन्हा शिकवून घ्यावे, नाहीतर काही दिवस आरपीएम वरखाली होत राहतो. मॅनिफोल्डच्या रबरी नळ्या तडकल्या आहेत का, तेही पाहावे. सीएनजीवर बराच काळ चाललेल्या इंजिनात आणखी एक गोष्ट तपासणे आवश्यक आहे, ती म्हणजे टॅपेट, व्हॉल्व्ह उघडणारा भाग. वायूवर चालताना व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. फट पुरेशी उरली नाही की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, मंद गतीवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळते आणि इंजिन थरथरते. याकडे दुर्लक्ष झाले तर व्हॉल्व्ह जळतो आणि मग हेड खरोखरच उतरवावे लागते. आपल्या इंजिनात टॅपेट सेटिंग करता येत असेल तर ते या खेपेलाच करून घ्यावे.

आता हाफ इंजिनाचा प्रश्न. तो मेकॅनिकच्या अंदाजावर किंवा आपल्या भीतीवर सोडू नये. कॉम्प्रेशन टेस्ट करून सोडवावा. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, इंधन व ठिणगी तोडायची, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये गेज लावून सेल्फ फिरवायचा. चारही आकडे कागदावर लिहून मागावेत. ते आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर ते इंजिन उघडण्याचे कारण नाही. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे; आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा हेड गॅस्केट गेले आहे. दुसऱ्या प्रकारात फक्त हेडचे काम पुरते, पिस्टनला हात लावावा लागत नाही. मेकॅनिकने ही चाचणी न करताच इंजिन संपल्याचे सांगितले असेल, तर चाचणी करून देण्याचा आग्रह आपण शांतपणे पण ठामपणे धरावा, आणि ते तयार नसतील तर गाडी दुसरीकडे न्यावी. टायमिंग बेल्टची गाडी असल्यास तो शेवटचा केव्हा बदलला हेही तपासावे. बऱ्याच इंजिनांत तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिन खरोखरच निकामी होते, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

भंगाराचा निर्णय कॉम्प्रेशनचे आकडे हाती आल्यावरच घ्यावा. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे आरटीओत तपासणी होऊन नोंदणीला पाच वर्षांची मुदतवाढ आपण घेतली असेलच. ती घेतलेली असेल, पत्रा गंजलेला नसेल आणि आकडे चांगले असतील, तर सेन्सर, वायरिंग, थ्रॉटल आणि टॅपेट एवढ्या कामावर ही गाडी आणखी काही वर्षे आपल्या कुटुंबाच्या सेवेत राहू शकते. चारही सिलिंडर खाली आले असतील, तर मात्र गाडीची बाजारातली किंमत विचारूनच सत्तर हजारांचा विचार करावा.

दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत आईंना या गाडीतून घाटात नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याला एकट्याने जावे लागलेच आणि चढावर इंजिन थांबले, तर काय करावे ते आधीच मनात पक्के असू द्यावे. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकच्या पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतकाच जोर उरतो, त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगही बहुतेक गाड्यांत जड होते. म्हणून वेग आहे तोवरच गाडी डावीकडे घ्यावी आणि ब्रेक पुन्हा पुन्हा न सोडता एकदाच दाबून धरावा. गाडी चालत असताना चावी काढू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप लागते. थांबल्यावर हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून मागच्या चाकाला दगड लावावा, चारही इंडिकेटर चालू करावेत आणि परावर्तक त्रिकोण वळणाच्या अलीकडे, खालून येणाऱ्या ट्रकला वेळेत दिसेल इतका मागे ठेवावा. सर्वांनी उतरून रस्त्यापासून दूर थांबावे. गाडीत बसून राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. गाडी न्युट्रलमध्ये मागे सोडून घाट उतरवण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये.

इलेक्ट्रिशियनकडे जाण्यापूर्वी हे पत्र त्यांना दाखवण्यास हरकत नाही. आरपीएमची सुई बंद पडताना कशी वागली, क्रँक सेन्सर दोन वायरींचा निघाला की तीन, आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे, एवढे लिहून पाठवलेत तर पुढचे मी याच सदरात सांगेन.